बोनेटखालचे बुडबुडे

९ जानेवारी

स्टीलची तीन ताटं सकाळपासून दिसत नव्हती. चोराने नेली असती तर सोबत मिक्सरही नेला असता. शोधत गॅलरीत गेले, तर हे लोखंड कापायची करवत घेऊन बसलेले. ताटांच्या एकसारख्या पट्ट्या करून ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीच्या डोक्याला एक भोक होतं.

"अहो, ही जेवायची ताटं होती."

"आता ती इलेक्ट्रोड आहेत," मान वर न करता हे म्हणाले.

"बरं. मग संध्याकाळी भाजी इलेक्ट्रोडवर वाढते."

हसले नाहीत. मिल बंद पडल्यापासून यांना माझे विनोद ऐकू येत नाहीत. या वर्षभरात यांनी घरातले सगळे गळके नळ दुरुस्त केले, मग न गळणारेही केले, आणि आता ते गळतात. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचतात. बॉयलर हाऊसचे प्रमुख होते. पंचवीस वर्षं एका आगीवर नजर ठेवायची सवय, आणि आता नजर ठेवायला घरात फक्त दूध आणि मी. दूध यांच्या देखरेखीखाली कधी उतू जात नाही. माझी खात्री देता येत नाही.

बेत असा आहे. पाण्याच्या फिल्टरचा जुना प्लास्टिकचा डबा घ्यायचा, त्यात पट्ट्या उभ्या करायच्या, पाण्यात चिमूटभर पोटॅश घालायचं आणि गाडीच्या बॅटरीची वीज सोडायची. पाणी फुटून हायड्रोजनचे बुडबुडे निघणार, ते नळीने इंजिनात जाणार, आणि गाडीला पेट्रोल कमी लागणार. फोनवर कुणी टोपीवाला माणूस हे करून दाखवतो म्हणे.

"पण बॅटरीत वीज कुठून येते?" मी विचारलं.

"इंजिनाकडून."

"आणि इंजिन कशावर चालतं?"

"पेट्रोलवर."

"म्हणजे मी स्वतःला कडेवर घेऊन जिना चढले, तर दम कमी लागेल?"

यांनी करवत खाली ठेवली. "तू लॅबवाली ना? मग करून बघितल्याशिवाय निकाल देऊ नये."

हे मात्र लागलं.

१७ जानेवारी

डबा बोनेटखाली बसला. तारा, नळ्या, एक फ्यूज, स्टिअरिंगशेजारी एक हिरवा दिवा. दिवा लागला की यंत्र चालू. शेजारचे विमा एजंट बघायला आले होते. त्यांनी बोनेटखाली वाकून पाहिलं आणि माझ्या विम्याची मुदत कधी संपते ते विचारलं.

गाडी घरची असली तरी चालवते मी. रोज सकाळी घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढायचं आणि लॅबमध्ये नेऊन तपासायचं, ही माझी नोकरी. पेशंट उपाशीपोटी वाट बघत असतात आणि नळ्यांतलं रक्त उन्हात टिकत नाही, म्हणून मी गाडी जरा झपाट्याने नेते. जरा म्हणजे, माझी गाडी सुरू झालेली ऐकली की वॉचमन गेट आधीच उघडून बाजूला उभा राहतो. लिटरला चौदा किलोमीटर देते ती. हे उद्यापासून शेजारी बसणार, मोजायला.

१९ जानेवारी

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं काम यांनी काल पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणजे, मी वर जाते तेव्हा हे खाली गाडीत बसतात आणि मीटरवरच्या ॲव्हरेजच्या आकड्याकडे बघतात.

नियम यांनी बॉयलर हाऊससारखेच केले आहेत. एसी लावायचा नाही, विजेची ओढ रोज सारखी हवी. गतिरोधकावर गाडी आपटायची नाही, डब्यातलं पाणी हिंदकळतं. सिग्नलचा रस्ता टाळून तलावाकडून जायचं, इंजिन सलग चालायला हवं. घरी आल्यावर आकडा गॅलरीच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहायचा. त्यासाठी दार काळं रंगवलं आहे. मला विचारलं नाही, पण काळा रंग मला आवडतो असं सांगितलं.

मी गाडी नेहमीसारखीच चालवते. फक्त पाणी हिंदकळू नये एवढं बघते.

२८ जानेवारी

यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या डेअरीत बॉयलरवर माणूस हवा आहे. राहायला खोली मिळेल, पंधरा दिवसांनी घरी यायला मिळेल. फेब्रुवारीअखेर हो की नाही ते कळवायचं.

"जाऊ का?" यांनी विचारलं.

"तुम्हीच ठरवा," मी म्हणाले. हे वाक्य मी नेहमी वापरते. ऐकणाऱ्याला त्यात मोठेपणा दिसतो आणि बोलणाऱ्याला जबाबदारी लागत नाही.

यांनी बराच वेळ गॅलरीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, यंत्र चाललं तर इथेच राहतो. खालच्या मोकळ्या जागेत लोकांच्या गाड्यांना डबे बसवून देईन. नाही चाललं तर डेअरी.

थोडक्यात, यांचं जाणं किंवा राहणं आता एका प्लास्टिकच्या डब्याच्या हातात आहे. घरात निर्णय घेणारं कुणीतरी आलं हे बरं झालं.

४ फेब्रुवारी

सतरा! लिटरला चौदा देणारी गाडी सतरा देते आहे. मी मीटरला टिचक्या मारून पाहिल्या. टाकी भरून, किलोमीटर लिहून, पुन्हा भरून पाहिलं. सतराच.

दारावर आकडा लिहिताना यांनी खडू इतका दाबला की तो मोडला. मग उरलेल्या तुकड्याने आकडा पुन्हा गिरवला.

मला अजून पटत नाही. पण आकड्यापुढे मत चालत नाही, हे मी पेशंटांना रोज ऐकवते.

१० फेब्रुवारी

यांना बोलता येतं, हे मी विसरले होते. घरात आम्ही "भाजी काय आणू" आणि "दार लावलं का" एवढ्यावर कशी वर्षं काढली कोण जाणे. गाडीत समोर रस्ता असतो, एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल. आज तलावाच्या कडेने जाताना हे सांगत होते की भट्टीच्या झरोक्यातून नुसता ज्वाळेचा रंग बघून यांना कळायचं, कोळसा कुणी टाकलाय ते.

"एकाची आग लाल, धुरकट. दुसऱ्याची पिवळी. एक होता, घरी भांडून आला की पांढरी आग करायचा."

"आणि तुमची?"

"मी कोळसा टाकत नव्हतो. मी बघत होतो."

मग मी माझ्या पेशंटांचं सांगितलं. सुई टोचली की गाणं म्हणणाऱ्या बाई. दर वेळी "दुसऱ्या हातातून घ्या, यातलं मागच्या वेळी संपलं" म्हणणारे आजोबा. हे इतके हसले की मला गाडी कडेला घ्यावी लागली. हसताना यांची मान मागे जाते. मुलगी लहान असताना जायची, तशी.

दोन फेऱ्या जास्त मारल्या. एकाच आकड्यावर विश्वास ठेवू नये.

१३ फेब्रुवारी

तिसऱ्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका दार उघडताच म्हणाल्या, "या. मला वाटलं आता जेवूनच रक्त द्यावं."

"ट्रॅफिक फार असतो हो, बाई."

"कुठे? मी खिडकीतच बसलेली असते. रस्ता मोकळा आहे आणि तुमची गाडी बैलगाडीसारखी येते."

लॅबच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई, त्यांनीही विचारलं की सॅम्पल हल्ली उशिरा का येतात. आधी म्हणे माझ्यामुळे त्यांना चहा घ्यायला वेळ मिळायचा नाही. रस्त्यांची कामं काढली आहेत, असं सांगितलं. काढली असतीलच कुठेतरी.

१७ फेब्रुवारी

आज नाचक्की झाली. आमच्याकडे यंत्र सुरू केलं की पेशंटच्या आधी कंट्रोल लावायचा. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं सॅम्पल. ते बरोबर आलं तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास. इतक्या वर्षांत मी तो कधी चुकवला नाही. आज उशीर झाला होता, चुकवला. यंत्राने सकाळच्या सगळ्यांना साखर वाढवून दिली. गाणं म्हणणाऱ्या बाईंच्या मुलाला मी फोनवर सांगूनही टाकलं होतं. तो रडायला लागला.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "कंट्रोल लावला नव्हतास?" त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

सगळं पुन्हा केलं, सगळ्यांना पुन्हा फोन केले. परत येताना, हे शेजारी हिरव्या दिव्याकडे बघत बसलेले असताना, माझ्या डोक्यात आलं की या डब्याला तरी आपण कंट्रोल कुठे लावलाय? डबा बंद ठेवून गाडी किती देते, ते आपण पाहिलंच नाही. डब्याआधीचा आकडा माझा एकटीचा होता, तेव्हा हे गाडीत नव्हते, रस्ता वेगळा होता, एसी होता. ज्याला कंट्रोल म्हणतात तो हा नव्हे.

१८ फेब्रुवारी

हे अंघोळीला गेले तेव्हा खाली जाऊन फ्यूज काढला. हिरव्या दिव्याची तार स्विचवरून वेगळी गेली आहे, त्यामुळे दिवा लागतो आणि डबा मेलेला राहतो. फ्यूज नखाएवढा असतो. पर्समध्ये टाकला.

सांगितलं नाही. सांगितलं तर आकडा बघणाऱ्याचं मन बदलतं. आमच्याकडेही सॅम्पलवर नाव न घालता नंबर घालतात.

२४ फेब्रुवारी

सतरा.

डबा आठवडाभर बंद, रोज हिरवा दिवा, रोज हे शेजारी, रोज तलावाचा रस्ता. सतरा. एक दिवस तर थोडं वरच.

म्हणजे उत्तर आलं. यंत्राने काहीही होत नाही. मग ॲव्हरेज वाढलं कशाने, ते मला कळलेलं नाही. जानेवारीत टायरमध्ये हवा भरली होती, तेच असणार. किंवा पेट्रोलपंप बदलला म्हणून.

आज सांगायचं ठरवलं होतं. पण हे ज्वाळेच्या निळ्या रंगाबद्दल सांगत होते, तो यांनी पूर्ण नोकरीत एकदाच पाहिला. मध्येच फ्यूजचा विषय कसा काढणार? उद्या.

२६ फेब्रुवारी

आज यांनी बोनेट उघडून डब्यातलं पाणी पाहिलं. यंत्र चालू असताना पाणी रोज थोडं उतरायचं, हे शुद्ध पाणी आणून भरायचे. आता आठ दिवसांत थेंबभर हललेलं नाही. हे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग बोनेट हळूच लावलं, हात पुसले आणि म्हणाले, "टिकलंय पाणी."

"हो का?" मी म्हणाले.

"हो. छान टिकलंय."

आणि शेजारी येऊन बसले. आयुष्यभर बॉयलरच्या पाण्याची पातळी बघितलेला माणूस, आणि एवढं कळू नये! माणूस एखाद्या गोष्टीत गुंतला की डोळ्यांवर झापड येते, ती अशी.

मी मात्र सुटले.

२७ फेब्रुवारी

उद्या डेअरीला कळवायचं. सांगायला हवं, हे मला कळतं. पण आत्ता सांगितलं तर हे खचतील. वर्षभरात पहिल्यांदा मान सरळ ठेवून चालताहेत. शिवाय डेअरीची खोली कशी असेल काय माहीत, यांना धुळीचा त्रास आहे. आणि जेवणाचं काय? यांना नळ दुरुस्त करता येतात, वरणभात येत नाही. तेव्हा हे सगळं यांच्याच भल्याचं आहे. माझा यात काही संबंध नाही. माझी सकाळ काय, आधी एकटीची होती, पुढेही जाईल.

"काय कळवू उद्या?" यांनी विचारलं. माझ्याकडे बघत होते, रस्त्याकडे नाही.

"तुम्हीच ठरवा."

"तुला काही सांगायचंय का?"

"मला काय सांगायचं असणार?"

"बरं," हे म्हणाले. आणि हसले. कशाला हसले, कळलं नाही.

२८ फेब्रुवारी

यांनी साहेबांना नाही म्हणून कळवलं. फोन ठेवून शीळ घालत गॅलरीत गेले. मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, बाबा शीळ घालतायत? तू त्यांना काय दिलंस?" मी म्हटलं, पाणी.

११ मार्च

आता धाकट्या दिरांना असाच डबा हवा आहे. भाऊजींची टॅक्सी आहे. ब्रेक लावणं म्हणजे कुणापुढे तरी हार मानणं, असं मानणारा माणूस. यांनी आधी टाळलं. "तुझी गाडी वेगळी आहे रे, तुला उपयोग नाही." भाऊजी म्हणाले, "का? वहिनीच्या गाडीला सोनं लागलंय?" जाऊबाई म्हणाल्या, घरातल्याच माणसाला नाही म्हणायचं म्हणजे कमाल आहे. शेवटी यांनी बनवून दिला. बनवताना तोंडावर पूर्वीचा उत्साह नव्हता. मला वाटलं, दमले असतील.

२२ मार्च, रविवार

हे लिहायला नको वाटतंय, म्हणूनच लिहिते.

दुपारी भाऊजी आणि जाऊबाई जेवायला आले होते. विमा एजंट डब्याचं काय झालं ते ऐकायला मुद्दाम आले. वरच्या मजल्यावरच्या काकू दही मागायला आल्या आणि बसल्या. भाऊजींनी पहिला घास घेण्याआधीच तोंड उघडलं.

"दादा, तुझा डबा म्हणजे शुद्ध फेकाफेकी आहे. माझं ॲव्हरेज होतं त्यापेक्षा कमी झालं. वर बॅटरी बसली ती वेगळीच. गिऱ्हाईक गाडीत, आणि मी रस्त्यात धक्का मारतोय."

"तुझं चालवणं कसं आहे ते माहीत आहे सगळ्यांना," हे म्हणाले.

"चालवण्याचा काय संबंध? डबा चालतो की नाही ते सांग. हो की नाही?"

एजंट म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या गाडीचं काय, साहेब?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "हां, वहिनीला विचारा. वहिनी लॅबवाली आहे, तिचा आकडा खोटा नसतो."

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आता चांगलं कळतं. "जेवा आधी" म्हणायला हवं होतं. "आमचं आम्ही बघू" म्हणायला हवं होतं. पण एवढे चेहरे माझ्याकडे वळले की मला वाक्य सुचतंच, आणि सुचलेलं वाक्य आत ठेवायची कला मला कुणी शिकवली नाही.

"आमची गाडी ना," मी म्हणाले, "ती महिनाभर निव्वळ श्रद्धेवर चालते आहे. फ्यूज मी कधीच काढून पर्समध्ये ठेवलाय. दिवा लागतो, देव पावतो, आणि हे शेजारी बसून पूजा करतात."

काय हसले सगळे! भाऊजींना ठसका लागला. काकू डोळे पुसत होत्या. एजंट म्हणाले, वहिनी, तुम्ही टीव्हीवर जायला हवं. मीही हसले. माझ्याच विनोदाला मी नेहमी थोडी उशिरा हसते, तशी.

यांनी शांतपणे भाजीचं भांडं भाऊजींपुढे सरकवलं. "घे," म्हणाले. "निवतंय."

२३ मार्च

आज हे गाडीत आले नाहीत. मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

मी परत आले तर डबा, नळ्या, दिवा सगळं काढून खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी. गॅलरीचं दार ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेलं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि तिथूनच बोलले, समोर जाऊन बोलायचं धाडस नव्हतं.

"मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"मला माहीत होतं," गॅलरीतून आवाज आला.

"काय?"

"फ्यूज काढलाय ते. पाणी हलत नव्हतं. पंचवीस वर्षं पाण्याची पातळी बघितली मी, मला दिसणार नाही?"

माझ्या हातातला पेला मी ओट्यावर ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"मला वाटलं, तुला कळलंय की डब्यात काही नाही. आणि तरी तू बोलत नाहीस. डेअरीचा दिवस आला, तरी नाही." मग म्हणाले, "जेवढा कोळसा तेवढीच वाफ, अगं. हे मला ताटं कापायच्या आधीपासून ठाऊक होतं."

"मग ताटं कापली कशाला?"

ओलं फडकं पिळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "खोटं आहे हे सांगायचं होतं तर मला एकट्याला सांगायचंस. दोघांतली गोष्ट होती ती. मला वाटलं, दोघांतली आहे."

माझ्या तोंडाला एवढी धार, आणि त्या क्षणी "चुकलं माझं" हे दोन शब्द जिभेवर आले नाहीत. "भाऊजींनी विचारलं म्हणून," असं काहीतरी बोलले. म्हणजे दुसरी चूक.

२६ मार्च

यांनी साहेबांना फोन केला. जागा अजून रिकामी आहे. डेअरीत जो माणूस घेतला होता तो आठवड्यात पळून गेला म्हणे. येत्या दोन तारखेला रुजू व्हायचं. फोन ठेवून यांनी मला सांगितलं, विचारलं नाही. मी "तुम्हीच ठरवा" म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की ठरलेलं आहे.

मुलगी फोनवर म्हणाली, "बरं झालं ना आई, बाबांना काम मिळालं." हो म्हणाले. झालंच आहे बरं.

२९ मार्च

चौदा. कधी कधी तेरा. डबा काढल्यापासून गाडी पुन्हा पूर्वीसारखी पेट्रोल पिते. मला डोकं खाजवायची पाळी आली. डबा तर बंदच होता, मग तो काढल्यावर ॲव्हरेज उतरायचं कारण काय? टायरमध्ये हवा आहे. पंप तोच. एसी आता लावते, उकाडा आहे म्हणून, पण त्याने एवढा फरक पडत नाही. गाडीच जुनी झाली असणार.

निवृत्त शिक्षिकांकडे मात्र इतक्या लवकर पोचले की त्या केस विंचरत होत्या. "आज अगदी वेळेवर!" म्हणाल्या. मग माझ्या मागे जिन्यात वाकून बघितलं, खालच्या रस्त्याकडे. "एकट्याच आलात वाटतं."

"हो. का?"

"काही नाही. ते गाडीत बसलेले असायचे ना तुमचे मिस्टर, खिडकीतून हात बाहेर काढून. तुम्ही निघालात की मला वरून दिसायचं. गाडी हलायची नाही बराच वेळ. दोघं बोलतच असायचात." आणि हात पुढे केला. "घ्या. यातूनच घ्या."

शीर सापडायला दोनदा सुई लावावी लागली. माझ्याकडून हे सहसा होत नाही.

३१ मार्च

यांनी बॅग काढली आहे. कपडे घड्या घालून ठेवतात, बॉयलर हाऊसमध्ये हत्यारं ठेवायचे तसे, मोठ्यापासून लहानापर्यंत. मी दारात उभी राहिले. काल रात्रीपासून एक वाक्य घोळवत होते. त्यात विनोद नव्हता म्हणून बाहेर यायला वेळ लागला.

"उद्या सकाळी येता का गाडीतून? शेवटचं."

"कशाला?" यांनी विचारलं. रागाने नव्हे. खरंच विचारलं, कशाला, असं.

"असंच."

यांनी हातातला शर्ट पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "मोजायला तर काही उरलं नाही."

"नाही."

"बघू," हे म्हणाले.

मी आत जाऊन एकही भांडं नसलेला ओटा घासत बसले. असंच येत जा, मोजायला काही नसलं तरी येत जा, हे एवढं म्हणायला एखाद्या साध्या बाईला किती वेळ लागला असता? मला फक्त लोकांना हसवायची वाक्यं येतात.

१ एप्रिल

यांची बस दुपारची आहे. सकाळी निघताना मी मुद्दाम किल्ल्यांचा आवाज केला. चपला घालताना वेळ काढला. हे आतल्या खोलीत बॅगेच्या चेनशी झटत होते. "येते," मी म्हणाले. "हं," आलं आतून.

खाली येऊन गाडी सुरू केली. वॉचमनने गेट उघडलं आणि बाजूला झाला. मी निघाले नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग गेट अर्धं लोटून घेतलं आणि स्टुलावर बसला.

शेजारची काच मी खाली करून ठेवली. वर आमची गॅलरी दिसते. दाराची काळी बाजू दिसते. माणूस दिसत नव्हता. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं की मीटरवरचा आकडा हळूहळू घसरत जातो. तेरा. मग तेराच्या खाली. एरवी मला हे बघवलं नसतं.

दुसऱ्या हातातून घ्या म्हणणाऱ्या आजोबांचा फोन आला. "ताई, पोटात कावळे ओरडतायत. कुठवर आलात?"

जिन्यात पावलं वाजल्यासारखी वाटली. वरच्या काकू असतील, किंवा दूधवाला. कदाचित कुणी नसेल.

"निघालेच," मी म्हणाले, आणि तशीच बसून राहिले.